उजवी पाकळी

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. सकाळी.

नवी वही. उद्देश एकच: स्वतःशी खोटं बोलायचं नाही. ही कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटं बोलून फायदाही नाही.

काल दसरा. गावी गेलो होतो. खंडोबाने मला निवडलं.

वाचून पाहिलं. घमेंडीचं वाटतं. 'निवडलं असावं' असं करून पाहिलं. पण 'असावं' म्हटलं की देवावर शंका येते. पहिलंच ठेवतो.

तपशील. चंपाषष्ठीला आमच्या गावी बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या, बैल नाहीत, एकामागे एक साखळीने बांधलेल्या, वर माणसं गच्च बसलेली. एक माणूस, त्याला भगत म्हणतात, कमरेला लोखंडी आकडा लावून त्या देवळापर्यंत नेतो. एवढं बळ माणसाच्या अंगात नसतं, म्हणून तो चमत्कार. मान आमच्या घराचा. तीस वर्षं रामकिसनकाकांनी ओढल्या. यंदा त्यांचे गुडघे गेले. आता त्यांचा मुलगा बबलू, नाहीतर पुतण्या मी. बबलू तिशीचा, ट्रकमध्ये मोसंबीची कॅरेट भरतो, दोन दोन एकदम. मी चव्वेचाळीस, बी.एस्सी., अंबडला खत-बियाण्यांचं दुकान.

म्हणून कौल लावला. देवाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी माझी, डावी बबलूची. आधी पडेल त्याचा मान.

माझी पडली.

प्रामाणिकपणासाठी नोंद: उजव्या बाजूला उभा पंखा चालू होता. कोण्या भक्ताने दिलेला आहे. त्याची मान फिरायची बंद झाली आहे, त्यामुळे तो एकाच बाजूला वारा घालतो. माझ्या पाकळीच्या.

यावर रात्रभर विचार केला. निष्कर्ष: पंखाही देवाच्याच देवळात होता. देवाची इच्छा नसती तर लाईट गेली असती. आपल्याकडे लाईट जाणं काही अवघड नाही.

बबलू म्हणाला, "पंख्यानं पाडली. बंद करून परत लावा." मी शांतपणे नकार दिला. तातेराव म्हणाले, "कौल तो कौल." हे तातेराव पंच आहेत आणि आमचा मान स्वतःच्या घरात यावा म्हणून वर्षानुवर्षं टपलेले आहेत. तरी माझ्या बाजूने बोलले. याला म्हणतात निःपक्षपणा. बबलू पंखा बंद करायला गेला तर तातेरावांच्या पुतण्याने, पप्पूने, त्याची गचांडी धरली. बबलूने पप्पूला उचलून घंटेवर घातला. घंटा वाजली, पप्पूच्या कपाळातून रक्त आलं, बाहेरच्या बायकांना आरती सुरू झाली असं वाटलं. मी सोडवायला मधे पडलो. कोणीतरी माझ्या कानाखाली वाजवली. अजून शिट्टी ऐकू येते.

संकल्प: चंपाषष्ठीपर्यंत राग नाही. हात उचलणं नाही. अनवाणी राहायचं. एकवेळ जेवायचं.

५ ऑक्टोबर, रविवार.

स्वतःला विचारलं: कल्याण, तुला मान हवा आहे का? अगदी खोल जाऊन विचारलं. उत्तर आलं: नाही, फक्त सेवा.

शीतल सकाळपासून तीनदा 'अहो' म्हणाली. 'भगत' एकदाही नाही. माझी तक्रार नाही, फक्त नोंद.

दुपारी शेजारच्या कापडदुकानातले राधेश्यामसेठ आले. चमत्कार कशाला म्हणावं यावर बोललो. ते म्हणाले, "एकदम सोपं आहे कल्याणभाऊ. जे व्हायला नको होतं अन् फायद्याचं झालं, ते चमत्कार. जे व्हायला नको होतं अन् तोट्याचं झालं, ते नशीब." व्यापारी माणूस, तिथेच थांबणार.

माझी व्याख्या: ज्याला देवाशिवाय दुसरं कारण सापडत नाही, तो चमत्कार. मात्र कारण आधी मन लावून शोधलं पाहिजे. न शोधता हात जोडणं हा आळस.

उपवास चालू. संध्याकाळी राधेश्यामसेठनी कचोरी आणली. खाल्ली नाही, चव पाहिली. दोन वेळा.

११ ऑक्टोबर, शनिवार.

गावी जाऊन आलो.

काकांना विचारलं, ओढताना अंगात बळ कसं येतं? काका म्हणाले, "आदल्या दिशी समद्या आखांना वंगण लावायचं. अन् शेवटच्या गाडीमागं आठ-धा पोरं धडाची ठिवायची." मी म्हणालो, म्हणजे ती मागून ढकलतात? काका म्हणाले, "मंग? एकटा वढीन व्हय? मी काय इंजन हाय?"

तीस वर्षं! लहानपणी मी याच माणसाच्या पायाखालची माती कपाळाला लावली होती.

घरामागे जाऊन उभा राहिलो. विश्वास ठेवायचा कशावर? अशा वेळी माणूस कोसळतो. मी कोसळलो नाही. कडुनिंबाखाली उभा असताना मला कळलं, देवाने बी.एस्सी. झालेला माणूस का निवडला ते. चमत्कार शुद्ध करण्यासाठी.

तिथूनच पंचांकडे गेलो. मागण्या मांडल्या. एक, वंगण बंद. वंगण म्हणजे देवावरचा अविश्वास. दोन, मागून कोणीही हात लावायचा नाही. शेवटच्या गाडीमागे काठ्या घेऊन माणसं उभी करावीत, आणि जो हात लावील त्याला झोडावं.

तातेरावांनी मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "माणसं मी देतो. काठ्या बी माझ्याच." मग चहा पिता पिता त्यांनी एक बारीकशी अट घातली: गाड्या हलल्या नाहीत, किंवा मागून हात लागला, तर मान कायमचा त्यांच्या घराकडे. मी लगेच हो म्हणालो. हलणारच आहेत, तर हरकत काय?

१३ ऑक्टोबर, सोमवार.

आज दुकानात बबलू आला. नाक सुजलं आहे (माझं), म्हणून थोडक्यात.

तो ओरडत होता, "दादा, बापानं तीस वर्षं सांभाळलं ते तू एका कप चहात देऊन आलास?" मी त्याला बसायला स्टूल दिलं. त्याने स्टूल काउंटरच्या काचेवर घातलं. मी श्रद्धेबद्दल चार शब्द सांगितले. तो म्हणाला, "तू वढणार व्हय बारा गाड्या? तुझ्यानं दुकानाचं शटर वर जात न्हाई. रोज राधेश्यामसेठ हात लावतेत, समदा अंबड बघून राह्यलाय."

मी रागावलो नव्हतो, हे इथे स्पष्ट लिहितो. फवारणी पंपाची नळी हातात होती. ती वर गेली. खाली येताना मधे बबलूचं तोंड होतं.

दात पडला. पुढचा.

नंतर त्याने मला खताच्या पोत्यांवर पाडून बराच वेळ मारलं. मी संकल्प आठवत राहिलो. राधेश्यामसेठ आणि दोन गिऱ्हाइकांनी त्याला ओढून काढलं. एक गिऱ्हाईक जाताना म्हणालं, युरिया नंतर नेतो.

तटस्थपणे पाहता: मी मारलं नाही, त्याला लागलं. दोन्हींत फरक आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

दुर्गाकाकू एस्टीने आल्या. हातात टोपली. वाटलं, झालं गेलं विसरून फराळाचं काही आणलं असेल. टोपलीत चप्पल होती.

भर दुकानात मारली. "माझ्या लेकराला पोरगी बघून राह्यलो आम्ही! रईवारी परतूरची माणसं येणारेत! अन् तू दात पाडतोस, मुडद्या? आता हसवू कसं त्याला?" मी म्हणालो, काकू, हसणं कमी ठेवलं तर गंभीर मुलगा वाटेल. यावर त्यांनी दुसरी चप्पल पायातली काढली.

शीतलने सोडवलं नाही. काकूंना पाणी दिलं.

चप्पल वर्मी लागली असती तर डोळा गेला असता. गेला नाही. याला कारण काय? शोधलं, सापडलं नाही. छोटा चमत्कार म्हणून धरायला हरकत नसावी. (नंतर: मी मान वळवली होती. पण मान वळवायची बुद्धी कोणी दिली?)

२ नोव्हेंबर, रविवार.

सराव. आजवर सराव म्हणजे अविश्वास असं वाटून केला नव्हता. मग लक्षात आलं, परीक्षेला बसणारा देवाला नमस्कारही करतो आणि अभ्यासही.

गोडाऊनमागच्या उतारावर ट्रॅक्टरची ट्रॉली लावली. त्यात वीस पोती. कमरेला दोर. राधेश्यामसेठ पाहायला आले, खुर्ची घेऊन.

ओढलं. हलली नाही. नामस्मरण करून ओढलं. हलली नाही. सेठ म्हणाले, "भाऊ, चाकाखाली धोंडा आहे, काढू का?" मी म्हणालो, काढा.

ट्रॉली निघाली! क्षणात इतकी हलकी झाली की मागचा दोर सैल पडला. मी धावत होतो, ट्रॉली मागे येत होती, अंगात विलक्षण वेग. शेवटी गोडाऊनच्या शटरवर आधी मी, मग माझ्यावर ट्रॉली. शटर आत गेलं. माझी एक बरगडी दुखते, गुडघ्याचं सालटं निघालं, नाकातून पुन्हा रक्त. सेठची नवी स्कूटर खाली सापडली. सेठनी मला आधी स्कूटरवरून बाजूला केलं आणि मग स्कूटरचीच विचारपूस केली.

पण ट्रॉली हलली. हे कोणी नाकारू शकत नाही.

दोर सैल का पडला असेल? ओझं दुसऱ्याने घेतल्याशिवाय दोर सैल पडत नाही. लिहिताना अंगावर काटा आला.

९ नोव्हेंबर, रविवार.

गाड्यांसाठी नवी साखळी आणायला जुन्या जालन्यात गेलो. अनवाणी. सुरजमलसेठच्या दुकानात साखळ्या टांगलेल्या. सेठनी विचारलं, "किती वजन ओढायचं?" मी म्हणालो, वजन महत्त्वाचं नाही, ओढणारा कोण ते महत्त्वाचं. सेठ म्हणाले, "साखळीला ते कसं कळणार?" जाड साखळी घेतली.

गल्लीत एका मोटारसायकलवाल्याने माझ्या अनवाणी पायावरून चाक नेलं. वर म्हणतो, "चप्पल घाल की काका." काका! पाय दुखत होता म्हणून हात झटकला. हातात साखळी होती, हे विसरलो. त्याचा आरसा फुटला, हेडलाईट फुटला, आणि बहुतेक कोपर. मग गल्ली जमली. कापडाचा गठ्ठा पाठीत बसला. रिक्षावाल्याने मला उचलून रिक्षात टाकलं आणि बसस्टँडला उतरवेपर्यंत शिव्या दिल्या.

ही चौथी वेळ. माझ्याभोवतीचे लोक फार हिंसक होत चालले आहेत. तपश्चर्येने आसपासच्या वाईट शक्ती जाग्या होतात असं म्हणतात. तसं असावं.

रात्री शीतल म्हणाली, "अहो, बारा गाड्यांचं नंतर बघू. गॅसची टाकी गेटापासून आत आणा." उचलली नाही. हे बळ घरगुती वापरासाठी नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

गावात बैठक. विषय: गाड्यांवर बसणार कोण. पूर्वी लेकरं आणि म्हातारे बसायचे. तातेराव म्हणाले, चमत्कार शुद्ध करायचा तर माणसंही वजनदार हवीत. मी त्यांचं म्हणणं उचलून धरलं. त्यांनी परतूरहून सगळी सासुरवाडी बोलावली आहे. एकेक माणूस म्हणजे दोन खताची पोती.

काका उठून म्हणाले, "कल्याण, आजून येळ हाय. बबलूला फुडं हू दे." मी म्हणालो, काका, कौल माझा आहे. काका म्हणाले, "कौल कशाचा, पंखा व्हता त्यो." पप्पू हसला. बबलूने पप्पूला लाथ घातली. पप्पूचा भाऊ बबलूवर पडला. कोणाचातरी कान कोणीतरी चावला. सगळे आपापले कान चाचपू लागले तेव्हा तो माझ्या आत्याच्या मुलाचा निघाला. माझ्या मांडीत सायकलचा पंप बसला. ग्रामदेवतेचा फोटो वाचला. चमत्कार नाही, तो उंच टांगलेला होता. मी सगळ्याच गोष्टींना चमत्कार म्हणत नाही, हे यावरून दिसेल.

परत निघताना बबलू बोलायला आला. तोंडावर रुमाल. परतूरची माणसं येऊन गेली, नकार आला. म्हणाला, "दादा, मान जाऊ दे मसणात. गाड्यांच्या फुडं उतार हाय. तुला सवय न्हाई. चिरडून मरशील." त्याच्या डोळ्यांत भीती होती. मत्सराची किती रूपं!

२५ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री.

उद्या चंपाषष्ठी. स्वतःची अखेरची झडती घेतली. राग: नाही. लोभ: नाही. भीती: थोडी, पोटाच्या बाजूला. कचोरीची असेल.

आखांवरचं जुनं वंगणही मी स्वतः रॉकेलने पुसून काढलं. आता मधे फक्त देव.

२६ नोव्हेंबर, बुधवार. पहाटे.

येळकोट येळकोट जय मल्हार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. जालना, हॉस्पिटल.

उजवा हात शाबूत आहे. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. तीन बरगड्या. बाकी मोजायचं नंतर.

पण गाड्या ओढल्या! सगळं आठवतं तसं लिहितो.

भंडाऱ्याने सगळं पिवळं झालं होतं. आकडा कमरेला. ओढलं, नाही. पुन्हा ओढलं, नाही. मागे शांतता. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा नाकातून रक्त आलं, डोळ्यांपुढे काळे ठिपके. पहिल्या गाडीवर बसलेला तातेरावांचा साडू म्हणाला, "मास्तर, आम्ही खाली उतरून यावं का?" मी मास्तर नाही. अपमान गिळला. डोळे मिटले. म्हणालो, देवा, माझी नाही, तुझी लाज.

आणि मागून आरोळी उठली. मोठी, हजार कंठांची. भक्तांची. गाड्या निघाल्या! साखळी सैल पडली, जमिनीला घासू लागली, अगदी ट्रॉलीच्या वेळेसारखी. ओझं देवाने घेतलं होतं. मी धावत होतो, देऊळ समोर येत होतं, देऊळ मागे गेलं. मग कमरेत दणका बसला. आभाळ दिसलं. चाक दिसलं.

शुद्धीवर आलो तर शीतल रडत होती. मी विचारलं, हलल्या ना? ती उठून बाहेर गेली.

मनाला शांती आहे. इतकी की आता पुढच्या वर्षीचा कौल पंखा बंद करून घ्यायलाही माझी हरकत नाही. काका आले तेव्हा सांगून टाकलं. शुद्ध कौल. (पाय ठणकला की वाटतं, पुढच्या वर्षी देव बबलूलाही संधी देईल. देव न्यायी आहे.)

२९ नोव्हेंबर, शनिवार.

राधेश्यामसेठ भेटायला आले. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कोणीतरी झाडावरून काढलेला.

प्रामाणिकपणे, जे दिसतं ते लिहितो.

मी ओढतो आहे. मला वाटलं होतं मी ताठ होतो. मी चार पायांवर आहे. शेवटच्या गाडीमागे तातेरावांची माणसं काठ्या घेऊन. बबलू गर्दीतून धावत येतो आणि शेवटच्या गाडीला हात लावणार, इतक्यात काठ्या पडतात. आधी खांद्यावर, मग हातावर, मग पाठीवर. तो पडतो, उठतो, पुन्हा पडतो. मग आमच्या घरची सगळी माणसं पहाऱ्यावर तुटून पडतात. हजार कंठांची आरोळी म्हणजे ही. धोंडे, जोडे, एक बाज. काकूंनी देवळातला तो पंखा उचलून आणला आणि तातेरावांच्या डोक्यात घातला. तातेराव आडवे. पंखा दोन तुकडे. सगळी मारामारी रेटत रेटत शेवटच्या गाडीवर आली, पहारेवाल्यांच्या पाठी गाडीला भिडल्या, त्यांच्यावर आमचे पंचवीसजण. गाड्या हलल्या. उतार लागला. मग कोणाच्या बापाला थांबेनात.

मी दोन्ही हात वर करून पुढे पळतो आहे. चेहऱ्यावर आनंद आहे. मागून बारा गाड्या.

मी पडल्यावर बबलू येतो. एक हात लोंबतो आहे. दुसऱ्या हाताने त्याने देवळापुढची दगडी कुंडी चाकाखाली लोटली. चाक माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबतं.

तीनदा पाहिला. सेठ म्हणाले, "बस करा भाऊ, बॅटरी जाईल."

व्हिडिओत देव दिसत नाही, हे खरं. पण मोबाईलच्या कॅमेऱ्यात देव दिसेलच कशाला?

संध्याकाळी व्याख्येत किरकोळ दुरुस्ती केली: ज्याला देवाशिवाय दुसरं कारण असलं तरी ते फार जवळून पाहू नये, तो चमत्कार.

१ डिसेंबर, सोमवार.

वॉर्डात डावीकडे बबलू, समोर तातेराव. डोक्याला टाके, पंख्याच्या जाळीचा ठसा कपाळावर तसाच गोल. दुपारी डबे आले तेव्हा काकू आणि तातेरावांची प्रभावतीबाई समोरासमोर आल्या. आधी शब्द, मग डबे. पिठल्याने माझी सलाईनची बाटली पिवळी झाली. सलाईनचा स्टँड पडला, माझ्याच पायावर. ओरडलो. नर्सबाईंनी दोघींना बखोटीला धरून बाहेर काढलं. इतकं बळ मी माणसात पाहिलं नव्हतं.

पंचही येऊन गेले. तातेराव म्हणाले, मागून हात लागला, मान आमचा. पंचांनी व्हिडिओ पाहिला. निकाल दिला: हात कोणाचाच लागलेला नाही. पाठी लागल्या, आणि त्या तातेरावांच्याच माणसांच्या. मान आमच्याच घरात राहिला. तातेरावांनी तोंड भिंतीकडे केलं.

रात्री बबलूला विचारलं, हात लावायला का आलास? शर्त माहीत होती. मान गेला असता. त्याने दुखरा हात उशीवर ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या नाकातून रगत येऊन राह्यलं व्हतं, दादा. मान मान काय घिऊन बसलास."

याला कारण सापडत नाही असं नाही. सापडतं. तेच अवघड आहे.

दाताचा विषय काढावा असं वाटलं. तो झोपला होता. उद्या काढीन.

७ डिसेंबर, रविवार.

काढला नाही.

बबलूला परवा सोडलं. आज तो गावाहून आला. हात गळ्यात, दुसऱ्या हातात नारळ. फट दाखवत हसत होता. काकूंनी सांगितलं, परतूरच्या माणसांनी व्हिडिओ पाहिला आणि पोरगी द्यायला तयार झाली. मला बरं वाटलं. मनापासून, तपासून पाहिलं.

मग तो म्हणाला, "काल पुढच्या वर्षीचा कौल घेतला. तू सांगितल्तं तसाच." पंखा नाहीच, तो तातेरावांच्या डोक्यात फुटला. खिडक्या लावल्या, दार लावलं, लाईटही बंद केली, समईसुद्धा लांब ठेवली. सगळे श्वास धरून बसले. वारा म्हणून नाही. काका बोलले नाहीत, कोणी खोकलंही नाही. बराच वेळ दोन्ही पाकळ्या चिकटून होत्या. बबलू म्हणाला, त्याने स्वतःच्या पाकळीकडे बघत देवाला डोळ्यांनी हात जोडले.

उजवी पडली. माझी.

मी विचारलं, कोणी शिंकलं का? नाही. पाकळी जड होती का? एकाच फुलाच्या दोन्ही. पाल? उंदीर? बबलूने प्रत्येक वेळी मान हलवली. म्हणाला, "दादा, काईच कारण न्हवतं. समदे पाया पडले. बाप तर रडला."

मी छताकडे पाहत राहिलो. तिथे पंखा फिरत होता.

शांतपणे समजावून सांगितलं: हा कौल धरता येणार नाही. वारा नसलेली जागा नैसर्गिक नसते. देवाला मोकळी हवा लागते. दार बंद करून देवाला कोंडीत पकडायचं आणि उत्तर मागायचं, ही श्रद्धा नव्हे. कौल पुन्हा व्हावा, नेहमीच्या पद्धतीने, पंखा लावून. नवा पंखा माझ्याकडून.

बबलू माझ्या प्लास्टरकडे बघत होता. मग नारळ उशाशी ठेवला आणि उठला. दारात थांबून म्हणाला, "ठीक हाय. पंखा कोन्या बाजूला ठिवायचा?"

म्हणालो, ते देवाच्या मर्जीवर.

तो जिन्यापर्यंत गेला. मग मी ओरडून हाक मारली. बरगड्या दुखल्या. सगळा वॉर्ड वळून बघू लागला.

"डावीकडे ठेव."